मूल स्काउट-गाईडमध्ये जातंय? पहिल्या वर्षाची वाट

जूनमध्ये शाळा सुरू झाली की पाचवी-सहावीच्या वर्गांत विचारलं जातं, स्काउट-गाईडमध्ये कोणाला यायचंय? पोरं हात वर करतात, बऱ्याचदा शेजारच्याने केला म्हणून. संध्याकाळी घरी जाऊन शिटीची दोरी मागतात आणि रात्री स्काउटमास्टरला पालकांचे फोन सुरू होतात. प्रश्न दोनच असतात: गणवेशाला किती खर्च येईल आणि दहावीला गुण मिळतात का? गुणांचे नियम बदलत राहतात, त्यामुळे शाळेच्या कार्यालयात चालू परिपत्रक बघून घ्या. तो विषय इथेच संपवतो, कारण निव्वळ गुणांसाठी आलेलं मूल दुसऱ्याच महिन्यात कंटाळतं. गणवेशाचं खाली सांगतो.

आधी हे कळू द्या

आपल्याकडच्या बहुतेक शाळांतली पथकं ‘भारत स्काउट्स आणि गाईड्स’ या संस्थेची असतात. मुलगे स्काउट, मुली गाईड. दहा वर्षं पूर्ण झाली की मूल या विभागात येतं. त्याहून लहान मुलांसाठी कब आणि बुलबुल, मोठ्यांसाठी रोव्हर आणि रेंजर. स्काउट पथक सांभाळणारा स्काउटमास्टर, गाईड पथकाची गाईड कॅप्टन. ही मंडळी बहुतेक वेळा तुमच्याच शाळेतले शिक्षक असतात आणि आपले तास, तपासायच्या वह्या सांभाळून हे काम करत असतात. त्यामुळे रविवारी सकाळी साडेसहाला फोन करायचा असेल तर कारण तसंच असू द्या.

इतिहास थोडक्यात. इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर १९०७ च्या ऑगस्टमध्ये स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी वीसेक मुलांचं शिबिर घेतलं. त्यात श्रीमंतांच्या शाळांतली मुलं होती आणि कामगारांचीही होती. त्यांनी सगळ्यांना मिसळून चार संघ केले. १९०९ मध्ये बंगळूरला भारतातलं पहिलं पथक निघालं, पण सुरुवातीला ही दारं भारतीय मुलांना बंदच होती. मग आपल्या लोकांनी स्वतःच्या संघटना काढल्या. मद्रासकडे ॲनी बेझंट, अलाहाबादेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी, तर मध्य प्रांतात नागपूरचे व्हिव्हियन बोस, जे पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी या संघटना एकत्र येऊन आजची संस्था झाली, आणि पुढच्या वर्षी गाईड्सही त्यात आल्या. मुलाला प्रवेशाच्या चाचणीत यातलं थोडंफार विचारतील. सनावळी घोकून घेऊ नका, गोष्ट सांगा.

गणवेश: घाई करू नका

पहिल्या आठवड्यात दुकानात धावण्याची गरज नाही. दीक्षा (म्हणजे वचन देऊन पथकात रीतसर दाखल होण्याचा विधी) होईपर्यंत मुलाला पूर्ण गणवेश आणि बिल्ले घालायचेच नसतात, आणि तोवर काही मुलं गळतात. स्काउटचा शर्ट राखाडी, दोन खिशांचा आणि खांद्यावर पट्ट्या असलेला, पँट गडद निळी, डोक्यावर गडद निळी बेरे टोपी, काळे बूट. गाईडचा गणवेश आकाशी आणि गडद निळ्या रंगांतला असतो. त्यातला नेमका प्रकार कॅप्टनना विचारून घ्या. शर्ट एक माप मोठाच घ्या, कारण सातवीपर्यंत तो पुरायला हवा. आधीच्या तुकडीतल्या मुलाचा जुना शर्ट मिळाला तर उत्तमच. काटकसर हा स्काउटचा नियमच आहे, तेव्हा लाजायचं कारण नाही.

स्कार्फ मात्र पथकाच्या रंगाचाच लागतो आणि तो शाळेतूनच घ्यावा. हा त्रिकोणी कपडा शोभेचा नाही. हात मोडला तर गळ्यात झोळी, डोक्याला लागलं तर पट्टी, घोटा मुरगळला तर आवळायला बांधणी, सगळं त्याच्यातून होतं. म्हणून तो रेशमी, झुळझुळीत घेऊ नका. साधं सुती कापड गाठ धरतं.

बिल्ले कुठे शिवायचे हे मुलालाच ठरवू द्या, आणि जमलं तर शिवूही द्या. दहा वर्षांच्या मुलाला सुईत दोरा ओवता येतो. पहिला बिल्ला वाकडा बसेल. बसू दे.

संघ म्हणजे सगळं

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. स्काउटिंग पथकात होत नाही, ते संघात होतं. पथकात जास्तीत जास्त ३२ मुलं असतात आणि त्यांचे सहा ते आठ जणांचे संघ केलेले असतात. स्काउटांच्या संघांना प्राणी-पक्ष्यांची नावं: वाघ, गरुड, मोर. गाईडच्या संघांना फुलांची: मोगरा, कमळ, गुलाब. प्रत्येक संघाचा स्वतःचा झेंडा, स्वतःची आरोळी, मैदानावर स्वतःचा कोपरा आणि स्वतःचा संघनायक. डाव्या खिशावर दोन उभ्या पट्ट्या असलेला मुलगा दिसला की तो संघनायक, एक पट्टी असली तर उपसंघनायक.

नव्या मुलाला शिकवायचं काम या संघनायकाचं. तो सातवी-आठवीतला असतो. त्याला गाठ शिकवायला दहा मिनिटं लागतात, मला तीन लागली असती, पण त्याने शिकवलेली गाठ नव्या मुलाच्या जास्त लक्षात राहते. स्काउटमास्टर लांब उभा राहून बघतो आणि बहुतेक वेळा गप्प बसतो. हे गप्प बसणं शिकायला आम्हा शिक्षकांना वर्षं लागतात. पालकांना बहुधा त्याहून जास्त.

संघनायकांची एक बैठकही असते, तिला कोर्ट ऑफ ऑनर म्हणतात. सहल कुठे न्यायची, पैसे कशावर खर्चायचे, कोणी वारंवार गैरहजर राहतो त्याचं काय करायचं, हे तिथे ठरतं. तुमच्या मुलाची काही तक्रार असेल तर आधी त्याला संघनायकाशी बोलू द्या. तुम्ही थेट मुख्याध्यापकांकडे गेलात तर प्रश्न सुटेल, पण पोराचा संघात मान उरणार नाही. याला अपवाद एकच: मारहाण, छळ, किंवा मोठ्या माणसाचं खटकणारं वागणं. तिथे वाट बघू नका, लगेच शाळेत जा.

वचन आणि नऊ नियम

वचनाचे तीन भाग आहेत. ईश्वर आणि देश यांच्याविषयीचं कर्तव्य करणं, इतरांना मदत करणं, आणि स्काउटचे नियम पाळणं. ज्यांना ‘ईश्वर’ शब्द नको असेल त्यांना ‘धर्म’ म्हणायची मुभा आहे. वचन घेताना आणि सॅल्यूट करताना उजव्या हाताची तीन बोटं सरळ असतात, ती या तीन भागांची. अंगठा करंगळीवर ठेवलेला असतो, म्हणजे बलवानाने दुबळ्याला सांभाळायचं. मुलाकडून वचन पाठ करून घेताना एका शब्दाकडे त्याचं लक्ष वेधा, ‘प्रयत्न’. मूल हे सगळं करेलच अशी हमी कोणी मागत नाही. जिवापाड प्रयत्न करीन, एवढंच ते सांगतं.

नियम असे: स्काउट विश्वासू असतो. एकनिष्ठ असतो. सर्वांचा मित्र आणि दुसऱ्या प्रत्येक स्काउटचा भाऊ असतो. विनयशील असतो. प्राण्यांचा मित्र असतो आणि निसर्गावर प्रेम करतो. शिस्त पाळतो आणि सार्वजनिक मालमत्ता जपायला मदत करतो. धैर्यवान असतो. काटकसरी असतो. विचार, उच्चार आणि आचार यांनी शुद्ध असतो.

शाळेच्या फलकावरचे नियम आठवून बघा: धावू नये, बोलू नये, उशिरा येऊ नये. इथे एकाही नियमात ‘करू नये’ नाही. स्काउट कसा असतो एवढंच सांगितलंय. त्यामुळे मुलाला ओरडताना ‘हेच शिकवतात का तुला स्काउटमध्ये?’ हे वाक्य कृपा करून वापरू नका. नियम म्हणजे काठी झाली की पोरं ती टाळायला शिकतात.

सहावा नियम मला सर्वांत उपयोगी वाटतो. एसटीच्या सीटवर नाव कोरणं, किल्ल्याच्या दगडावर बाण आणि बदाम काढणं, वर्गातला पंखा वाकवणं, हे सगळं त्यात येतं, आणि दहा वर्षांच्या मुलाला ते लगेच समजतं. नववा नियम समजायला वेळ लागतो. तो लागू द्यावा.

रोज एक सत्कृत्य

दीक्षेआधी मुलाला घरी रोज एक सत्कृत्य करून वहीत नोंदवायचं असतं. इथे घोटाळा होतो. वहीत ‘आईला मदत केली’, ‘झाडाला पाणी घातलं’, ‘आजोबांना चष्मा दिला’ हे आलटून पालटून येत राहतं, आणि शेवटच्या रविवारी बसून महिनाभराच्या नोंदी एकाच शाईत लिहिल्या जातात. स्काउटमास्टरला ते पहिल्याच पानावर कळतं.

जुनी युक्ती चांगली आहे. सकाळी स्कार्फच्या किंवा रुमालाच्या टोकाला गाठ मारायची आणि सत्कृत्य झालं की सोडायची. दुपारपर्यंत गाठ तशीच असली की मूल आपोआप आजूबाजूला बघायला लागतं. आणि बघणं हाच खरा अभ्यास आहे: नळ कोणी उघडा ठेवलाय, कोणाच्या सायकलची चेन उतरलीय, वर्गात नवा आलेला मुलगा डबा एकटाच खातोय. तुम्ही काम सुचवू नका. तुम्ही सांगितलेलं काम हे घरकाम झालं. त्याबद्दल चॉकलेट किंवा पैसे तर अजिबात देऊ नका.

साप्ताहिक सभेत काय चालतं

आठवड्यातून एकदा, तास-दीड तास. सुरुवातीला सगळे घोड्याच्या नालाच्या आकारात उभे राहतात, म्हणजे मधल्या ध्वजस्तंभाजवळ उभा असलेला सगळ्यांना दिसतो. प्रार्थना, मग ध्वज फडकतो, झेंडागीत होतं. ही दोन्ही गीतं हिंदीत आहेत आणि चालीसकट पाठ लागतात. राष्ट्रगीत ५२ सेकंदांत. मुलं ते रेंगाळत म्हणतात, घरी घड्याळ लावून म्हणून घ्या.

मग तपासणी: नखं, दात, बूट, स्कार्फ. हीदेखील संघनायक करतो. मग खेळ, मग संघाच्या कोपऱ्यात काहीतरी शिकणं, पुन्हा खेळ, एखादं गाणं आणि ध्वज उतरवून घरी.

शिटीच्या खुणा मात्र पहिल्याच दिवसापासून कळायला हव्यात, नाहीतर नवं मूल गोंधळून उभं राहतं:

एक लांब शिटी: शांत व्हा, पुढच्या खुणेकडे लक्ष द्या.
एकामागून एक छोट्या छोट्या: धावत या, एकत्र व्हा.
एकामागून एक लांब, संथ: पांगा, लांब जा.
एक छोटी, एक लांब, असं आलटून पालटून: धोका, सावध.
तीन छोट्या आणि एक लांब: फक्त संघनायकांनी यावं.

शेवटची वाजली की नवी पोरं हमखास सगळी धावत येतात. पहिल्या महिन्यात ते माफ.

स्काउट भेटल्यावर डावा हात मिळवतात. आपल्या घरात डाव्या हाताने काही देऊ-घेऊ नये असं शिकवलेलं असतं, म्हणून काही आजी-आजोबांना हे खटकतं. त्यामागची सांगितली जाणारी गोष्ट अशी की योद्ध्याच्या डाव्या हातात ढाल असते. डावा हात पुढे करायचा तर ढाल खाली ठेवावी लागते, म्हणजे समोरच्यावर विश्वास टाकला. आजींना एवढं सांगितलं की पुरतं.

दीक्षा

काही सभा झाल्या, वचन-नियम-खुणा-ध्वज यांची चाचणी झाली की प्रवेश पूर्ण होतो आणि दीक्षाविधी होतो. पालकांना बोलावलं तर नक्की जा. विधी पाच मिनिटांचा असतो, पण मूल त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांसमोर एकटं उभं राहून वचन देतं. अडखळलं तर मागून शब्द पुरवू नका. भ्रमणध्वनी वर धरून ध्वजाच्या आणि मुलाच्या मध्ये उभेही राहू नका. (हे दर वर्षी सांगावं लागतं.)

गाठी: घरी करण्यासारखा अभ्यास

दीक्षेनंतर प्रथम सोपान, म्हणजे पहिली पायरी. त्यात गाठी, प्रथमोपचार, बेडन-पॉवेल यांचे सहा व्यायाम, मागाच्या खुणा, एक दिवसाची पदभ्रमंती असं बरंच येतं. घरी सराव करण्यासारख्या गाठी आहेत. दोन मीटर सुती दोरी आणा. नायलॉनची नको, ती घसरते आणि मूल स्वतःला दोष देतं.

रीफ नॉटने सुरुवात करा: डावं टोक उजव्यावर घालून आत, मग उजवं डाव्यावर घालून आत. दोन्ही वेळा डावंच वर घेतलं तर दिसायला तशीच पण सुटणारी गाठ होते. बरोबर झाली असेल तर ती सपाट बसते, म्हणूनच बँडेजला तीच वापरतात, अंगाला टोचत नाही. शीट बेंड दोन वेगळ्या जाडीच्या दोऱ्या जोडायला. क्लोव्ह हिच खांबाला किंवा काठीला, आणि काठ्या बांधायची सुरुवातही हिनेच होते. बोलाइनचा फास आवळत नाही, म्हणून माणसाला वर ओढताना कमरेभोवती तीच. शीपशँक न कापता दोरी आखूड करायला, फिशरमन्स नॉट बारीक दोऱ्या जोडायला.

नावं पाठ असणं आणि गाठ बांधता येणं यात फरक आहे, आणि गाठ बांधता येणं आणि कुठे कोणती वापरायची हे कळणं यात त्याहून मोठा. म्हणून ‘बोलाइन दाखव’ म्हणू नका. कपडे वाळत घालायची दोरी तुटली, ती जोड म्हणा. दुचाकीच्या मागे पोतं बांधायचंय, बांध म्हणा. तंबूच्या दोरीची गाठ रात्री पावसात अंधारात मारावी लागते, म्हणून शेवटी डोळे मिटून सराव.

पदभ्रमंतीत दगड, काटक्या, पानं मांडून मागच्या संघासाठी खुणा ठेवतात. बाण म्हणजे या वाटेने, फुली म्हणजे इकडे नको, वर्तुळात ठिपका म्हणजे मी घरी गेलो. सगळ्यांत शेवटी चालणाऱ्याने त्या मोडत यायचं असतं. खडूने किंवा रंगाने दगडावर काढलेली खूण आमच्या पथकात चालत नाही.

खरी कमाई

महाराष्ट्रातल्या शाळांत हा दिवस जत्रेसारखा गाजतो. भेळ, इडली, सरबत, थालीपीठ यांचे ठेले लागतात आणि मुलं विकतात. कल्पना अशी की मुलाने स्वतःच्या श्रमाने पैसे मिळवून पथकाच्या कामाला लावायचे. प्रत्यक्षात आई पहाटे चारला उठून शंभर पुऱ्या लाटते, बाबा गॅस आणून लावतात आणि मूल ‘घ्या घ्या’ ओरडतं. मग कमाई नेमकी कोणाची?

हे टाळायला सोपा उपाय. मुलाला जे स्वतः करता येतं तेवढंच विकू द्या. लिंबू सरबत, भेळ, काकडी-मीठ, कागदी पिशव्या, बूट पॉलिश. भांडवल उसनं म्हणून द्या आणि ते परत घ्या. समजा ३०० रुपये दिले, सामान २६० चं आलं, विक्री ४१० झाली. ४० सुटे उरले होते, ते मिळून हातात ४५०. तुमचे ३०० परत, राहिले १५०. हा हिशेब मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहायचा. नफ्याऐवजी तोटा झाला तर तुम्ही भरून काढू नका. भेळेत फरसाण किती टाकायचं ते पुढच्या वर्षी त्याला बरोबर कळेल.

पहिलं शिबिर

आधी तुमचे प्रश्न विचारून घ्या, संकोच करू नका: किती मोठी माणसं बरोबर आहेत, मुलींसोबत महिला कॅप्टन आहेत ना, जवळ दवाखाना कुठे आहे, पाण्यात उतरवणार का. मुलासोबत एकच मोठा माणूस एकटा राहणार नाही, अशी व्यवस्था असायला हवी. संमतिपत्रावर दमा, ॲलर्जी, झोपेत चालणं, अंथरूण ओलं होणं, सगळं लिहा. लपवलेली गोष्ट रात्री दोनला कळते आणि तेव्हा सगळ्यांनाच त्रास होतो.

सामानाची पिशवी मुलाने भरायची. ताट, वाटी, पेला, चमचा, अंथरूण-पांघरूण, बॅटरी, दोरी, दोन कपड्यांचे जोड, टॉवेल, नेहमीची औषधं. प्रत्येकावर नाव. मोबाइल नको, सोन्याची चेन नको, चिवड्याचा पाच किलोचा डबा नको. खाऊ द्यायचाच तर संघातल्या सगळ्यांना पुरेल असा द्या.

तिथे मुलं तीन दगडांच्या चुलीवर रांधतात. पहिल्या दिवशी भात खाली करपलेला, वर कच्चा, आणि वरणात मीठ दोनदा. बिनभांड्याचा स्वयंपाक ही त्यातली खास मजा: निखाऱ्यात भाजलेली वांगी, ओल्या मातीत लिंपून भाजलेले बटाटे, पानांत गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेले पानगे. काठ्या बांधून भांडी ठेवायची मांडणी, बूट ठेवायची फळी हेही मुलंच करतात. सकाळी तपासणी, रात्री शेकोटी, नाटुकली, गाणी. झोप कमी होते. परत आल्यावर मूल बारा तास झोपेल, त्या दिवशी शिकवणीला पाठवू नका.

रडका फोन पहिल्या रात्री येऊ शकतो. घ्यायला निघू नका. शिक्षकांशी बोला, सकाळपर्यंत थांबा. दुसऱ्या रात्री शक्यतो कोणी फोन करत नाही.

यापुढे

प्रथमनंतर द्वितीय आणि तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार, आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. पाचवीत सुरुवात करून सातत्य ठेवलं तर नववी-दहावीपर्यंत मूल तिथे पोहोचू शकतं. एका पायरीनंतर दुसऱ्या पायरीआधी ठरावीक महिने जावे लागतात, त्यामुळे आठवीत जाग येऊन घाई करून उपयोग नसतो. मोठ्या चाचण्यांना लॉगबुक लागतं, म्हणजे केलेल्या कामांची तारीखवार नोंद. ते दर आठवड्याला अर्धं पान लिहिलं तर जड जात नाही. बाजारातली रंगीत चित्रं चिकटवलेली, ताईच्या सुंदर अक्षरातली लॉगबुकं परीक्षक लगेच बाजूला ठेवतात आणि मुलाच्या हातात दोरी देऊन सांगतात, ‘हं, आता काठीला बांधून दाखव.’